नर्सिंग ड्युटीत वेळ कसा पुरवायचा, आधी काय आणि नंतर काय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉर्डात नवीन लागलेल्या सिस्टर-ब्रदर लोकांकडून आणि खरं सांगायचं तर दहा-बारा वर्षं झालेल्यांकडूनसुद्धा हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून सगळे एका ठिकाणी लिहून काढलेत. क्रमाने वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

ड्युटीवर आल्या आल्या पहिलं काम कोणतं?

हँडओव्हर, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून प्रत्येक पेशंटची माहिती घेणं, आणि तो शक्यतो बेडपाशी उभं राहून. स्टेशनवर बसून फाइलवरून घेतलेला हँडओव्हर आणि बेडवर दिसणारा पेशंट यात बरेचदा फरक निघतो, आणि तो फरक आपल्याला तासाभराने कळतो तोवर आधीची सिस्टर घरी पोचलेली असते. बेडपाशी असलात की डोळ्यांनीच निम्मं काम होतं. श्वास कसा चाललाय, हाक मारल्यावर नीट बोलतोय का, कॅन्युलाची (शिरेत घातलेल्या नळीची) जागा लाल किंवा सुजलेली आहे का, सलाईन किती उरलंय, पंपावरचा रेट ऑर्डरशी जुळतोय का, ऑक्सिजन खरंच किती लिटरवर आहे, युरीन बॅगमध्ये काही जमलंय का. एका पेशंटला मिनिट-दीड मिनिट लागतं. घाईत हेच मिनिट सगळ्यात आधी वाचवलं जातं आणि मग दिवसभर त्याचं व्याज भरावं लागतं.

या फेरीत हातात ट्रॉली घेऊ नका. औषधं सोबत घेतलीत की पहिल्याच बेडला अडकाल आणि शेवटच्या बेडपर्यंत पोचायला पाऊण तास जाईल, आणि नेमका शेवटच्याच बेडचा पेशंट खराब होत चाललेला असेल तर कळणार कसं? आधी सगळ्यांना बघून या, मग कामाला लागा.

सगळंच अर्जंट असतं हो, मग आधी कोण हे ठरवायचं कसं?

सगळं अर्जंट वाटतं, असतं असं नाही. ज्याचा आवाज मोठा ते काम अर्जंट वाटायला लागतं, म्हणजे वाजणारा पंप, रागावलेले नातेवाईक, राउंडला आलेले डॉक्टर, वाजणारा फोन. आणि जो पेशंट गप्प पडून आहे, श्वास जरा जोरात घेतोय, सकाळी बोलत होता आणि आता नुसतं हूं-हूं करतोय, त्याचा आवाजच नसतो. तेव्हा स्वतःला एकच विचारायचं, की हे काम अर्धा तास उशिरा झालं तर कुणाचं काय बिघडेल. उत्तर "कुणीतरी चिडेल" असं असेल तर ते थांबू शकतं. उत्तर "पेशंट खराब होईल" असं असेल तर ते आत्ताच.

कॉलेजात शिकलेलं एबीसी इथेही तसंच लागू पडतं. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध, आणि मग बाकी सगळं. सोबत एखादा अर्ली वॉर्निंग स्कोअर, म्हणजे पेशंट बिघडत चाललाय का हे आकड्यात सांगणारा तक्ता, वापरात असेल तर तो नुसता भरायला म्हणून भरू नका. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला न्यूज-टू स्कोअर बऱ्याच ठिकाणी चालतो, त्यात श्वासाचा वेग, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी), ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, पल्स, शुद्ध आणि टेंपरेचर एवढंच बघतात. एकूण ५ किंवा जास्त झाला तर डॉक्टरांनी तातडीने बघायला हवं, ७ किंवा जास्त म्हणजे इमर्जन्सी, आणि एकूण कमी असला तरी एखाद्या एकाच गोष्टीला ३ मिळाले तरी कळवायचं असतं.

आता यातली गंमत म्हणजे सगळ्यात आधी बिघडणारी गोष्ट बहुतेक वेळा श्वासाचा वेग असते आणि चार्टवर सगळ्यात अंदाजाने लिहिली जाणारी गोष्टही तीच. अख्ख्या वॉर्डातल्या सगळ्यांचा श्वास १८ आणि २० कसा काय असू शकतो? पूर्ण एक मिनिट मोजा. पल्स बघायला हात धरलेला असतोच, तो तसाच धरून ठेवून छातीकडे बघत मोजलं की पेशंटलाही कळत नाही आणि आकडा खरा येतो.

एखादं उदाहरण द्या ना, नुसतं तत्त्व नको.

बरं, घ्या. सकाळी आठची वेळ, सहा पेशंट तुमच्याकडे, बेड एक ते सहा. एकच्या शुगरचं रॅपिड इन्सुलिन द्यायचंय आणि नाश्ता समोर आलाय. दोनचा पंप वाजतोय, साधं मेंटेनन्स सलाईन संपलंय. तीनचं सॅच्युरेशन ८८, हँडओव्हरमध्ये ९५ सांगितलं होतं. चारचं ड्रेसिंग बाकी. पाचचं काल ऑपरेशन झालंय, दुखणं दहापैकी सात. सहाचा डिस्चार्ज झालाय आणि त्याची मुलगी बॅग खांद्याला लावून स्टेशनसमोर उभी आहे.

आधी तीन, यात वाद नाही. प्रोब नीट बसलाय का, बोटं गार आहेत का ते बघा पण ते करता करता पेशंटकडे बघा, उठून बसवा, श्वास मोजा, ऑर्डरप्रमाणे ऑक्सिजन द्या आणि डॉक्टरांना कळवा. इथे एक पण आहे. हा जुना सीओपीडीचा (फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा) पेशंट असेल आणि त्याचं टार्गेटच ८८ ते ९२ लिहिलेलं असेल तर ८८ चा अर्थ वेगळा होतो, अशाला भसाभस ऑक्सिजन दिला तर उलट कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. पण तरी ९५ वरून ८८ का झालं हा प्रश्न उरतोच, म्हणून पहिला नंबर त्याचाच. टार्गेट माहीत नसेल तर नुसत्या आकड्यावरून क्रम ठरत नाही म्हणतात ते असं.

तीनपाशी असतानाच सोबतच्या सिस्टरला आवाज द्या की पाचचं पेनकिलर बघ. नंतर एक, कारण रॅपिड इन्सुलिनची सांगड जेवणाशी असते, साधारण पंधरा मिनिटांच्या आत घास तोंडात जायला हवा, आणि नाश्ता खाऊन झाल्यावर शुगर तपासली तर त्या आकड्याचा काही उपयोग नाही. आणि हो, इन्सुलिन दिलं आणि पेशंट म्हणाला मला खायचंच नाही तर दुसरीच धावपळ, म्हणून खाणार का हे विचारल्याशिवाय सुई लावू नका. मग सोबतची सिस्टर मोकळी नव्हती तर पाच तुम्हीच. दोनचा पंप जाता जाता गप्प करून नवीन बाटली लावायची, अर्थात त्या लाइनमध्ये बीपी टिकवायचं औषध चालू असतं तर तो दोन नंबरचा बेड पहिल्या नंबरला गेला असता. सहाच्या मुलीला लांबूनच पण नजरेला नजर देऊन सांगा, "ताई, साडेनऊपर्यंत मी कागद घेऊन येते, तोवर बसून घ्या." एवढ्यावर बहुतेक माणसं थांबतात. चारचं ड्रेसिंग राउंडच्या आधी झालं तर बरं, कारण राउंडला जखम उघडायला लावलीच तर दोनदा करावं लागतं, म्हणून डॉक्टर जखम बघणार आहेत का हे आधी विचारून ठेवलेलं चांगलं.

सगळ्यांची औषधं एकाच वेळेची लिहिलेली असतात, एका माणसाने एका वेळी दहा जणांना कशी द्यायची?

नाही देता येत, आणि सगळी तशी द्यायचीही नसतात. औषध सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या आयएसएमपी संस्थेने २०११ मध्ये यावर मार्गदर्शन काढलं होतं, त्यात औषधांचे गट पाडलेत. वेळ चुकली तर नुकसान होईल अशी औषधं ठरलेल्या वेळेच्या ३० मिनिटं आधी किंवा नंतरपर्यंत. बाकीची, म्हणजे रोज एकापेक्षा जास्त वेळा पण चार तास किंवा त्याहून लांबच्या अंतराने द्यायची, ती एक तास आधी किंवा नंतर. आणि दिवसातून एकदा, आठवड्यातून एकदा वगैरे द्यायची ती दोन तास आधी किंवा नंतर चालतात. तुमच्याकडची पॉलिसी वेगळी असेल तर ती पाळा, पण विचार हाच ठेवा.

म्हणजे फेरी सुरू करायच्या आधी चार्टवर नजर फिरवून वेळेची पक्की औषधं वेगळी काढा. जेवणाशी जोडलेलं इन्सुलिन, पार्किन्सनच्या पेशंटची लेव्होडोपा (ही उशिरा झाली तर माणूस अक्षरशः जखडतो, गिळता येत नाही, आणि तरी सगळ्यात दुर्लक्षित गोळी हीच), फिटच्या गोळ्या, अँटिबायोटिकचा पहिला डोस. सेप्टिक शॉकचा (इन्फेक्शनमुळे बीपी कोसळण्याचा) संशय असेल तर अँटिबायोटिक तासाच्या आत जायला हवं, तिथे "फार्मसीतून आलं नाही" म्हणून वाट बघत बसायचं नाही, स्वतः पाठपुरावा करायचा. व्हिटॅमिनची गोळी साडेदहाला दिली तर कुणाचं काही अडत नाही.

औषधं काढताना मध्येच कुणीतरी हाक मारतं, लक्ष उडतं. काय करू?

हा छोटा प्रश्न वाटतो पण नाहीये. सिडनीतल्या दोन हॉस्पिटलांमध्ये औषधं देणाऱ्या नर्सेसचं निरीक्षण करून केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात प्रत्येक व्यत्ययामागे पद्धतीतल्या आणि क्लिनिकल (चुकीचं औषध, चुकीचा डोस वगैरे) अशा दोन्ही चुकांचं प्रमाण साधारण १२-१३ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. म्हणजे "सिस्टर एक मिनिट" हे एक मिनिट नसतं.

ट्रॉलीपाशी असताना फोन दुसऱ्याने उचलायचा हे वॉर्डात आधीच ठरवून घ्या, शिफ्टच्या सुरुवातीला. कुणी आलंच तर मान वर न करता "हे काढते आणि येते" म्हणा, पेशंट कोसळला असेल तर ते तुम्हाला सांगतीलच. आणि मध्ये खरोखर जावंच लागलं तर अर्धवट काढलेली सिरिंज तशी ठेवून जाऊ नका आणि परत आल्यावर "कुठवर आले होते" असं आठवत बसू नका. पहिल्यापासून, चार्टपासून सुरू करा.

एकाच वेळी दोन-तीन कामं केली तर वेळ वाचतो का?

हात-पाय चालवायची कामं एकत्र करता येतात, डोक्याची नाही. पेशंटला कूस बदलून देताना पाठीची कातडी बघणं, बोलून घेणं, ड्रेनमध्ये किती आलंय ते बघणं हे एकत्र छान होतं. डोस कॅल्क्युलेट करताना फोनवर लॅबचा रिपोर्ट ऐकणं, हे नको.

खरा वेळ वाचतो तो चकरा कमी करून. बेडपाशी जायच्या आधी दहा सेकंद उभं राहून विचार करा की आता तिथे काय काय लागणार आहे. ड्रेसिंगला गेलं आणि टेप विसरली, टेप आणली तर कात्री नाही, यात पाय दुखतात आणि आयसोलेशन रूम असेल तर दर वेळी गाऊन आणि ग्लोव्हज बदलावे लागतात ते वेगळंच. आयसोलेशनमधल्या पेशंटची व्हायटल्स (पल्स, बीपी, श्वास, टेंपरेचर), औषध, लाइन बघणं, पाणी, कूस हे सगळं एका फेरीत बसवा आणि निघताना विचारा, "अजून काही हवंय का, मी आता जरा वेळाने येईन." बेल वाजायचं प्रमाण यानेच कमी होतं. ठरावीक वेळाने फेरी मारून दुखतंय का, बाथरूमला जायचंय का, नीट झोपवलंय का, हाताशी पाणी-चष्मा-बेल आहे का एवढं विचारायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे ती याचसाठी.

एक मात्र, हात धुण्यातून वेळ वाचवायचा नाही. हँडरबला २० ते ३० सेकंद लागतात, साबणाने धुवायला ४० ते ६०. त्यात काय वाचणार आहे?

कागदावर लिहून ठेवू की लक्षात ठेवू?

लिहून ठेवा, लक्षात राहत नाही. कुणाच्याच नाही.

एक ए-फोर कागद घ्या, आडवा धरा, उभ्या रकान्यात बेड नंबर आणि आडव्या ओळीत तास. प्रत्येक चौकोनात एखादंच अक्षर, म्हणजे औषधाला औ, व्हायटल्सला व्ही, शुगरला शु, कुशीला कू. काम झालं की चौकोनावर तिरकी रेघ. कागद चार घड्या करून खिशात. दोन तासांनी उघडला की रेघ नसलेले चौकोन लगेच दिसतात, आणि एखाद्या तासाच्या रकान्यात चार-पाच कामं दाटलेली दिसली तर त्यातलं एखादं आधीच मागे-पुढे सरकवता येतं, तो तास अंगावर यायच्या आधी. मागच्या बाजूला "डॉक्टरांना विचारायचं" अशी एक यादी करा, मग एकाच फोनमध्ये चार गोष्टी उरकतात. नावं लिहू नका, आणि घरी जाताना कागद फाडून टाका, बसमध्ये वगैरे पडला तर नसती भानगड.

अ‍ॅप वापरलं तर?

वापरा, पण ग्लोव्हज घातलेल्या हाताने फोन काढायचा नाही. कागद बरा.

चार्टिंग नेहमी शेवटी राहतं आणि मग तास तास थांबावं लागतं.

कारण आपण ते काम धरतच नाही, "कामं झाली की लिहू" असं म्हणतो. अमेरिकेतल्या ३६ हॉस्पिटलांमधल्या नर्सेसचा वेळ मोजणारा एक मोठा अभ्यास २००८ मध्ये आला होता, त्यात कामाच्या वेळातला एक तृतीयांशापेक्षा जास्त वेळ नोंदी करण्यात गेलेला दिसला आणि प्रत्यक्ष पेशंटपाशी करायच्या कामांना साधारण एक पंचमांश. हे चांगलं की वाईट ते सोडा, पण शिफ्टचा तिसरा हिस्सा खाणारी गोष्ट शेवटच्या वीस मिनिटांत बसणार नाही एवढं तर उघड आहे.

बेडपाशीच लिहा. व्हायटल्स घेतली की तिथेच, औषध दिलं की तिथेच सही. हाताच्या मागे पेनने आकडे लिहायची सवय सोडा. राउंडनंतर दहा मिनिटं फक्त नोंदींसाठी काढा आणि सोबतच्यांना सांगून काढा. जो पेशंट बदललाय त्याचं आधी लिहा, जो स्थिर आहे त्याचं नंतर. आणि वेळ वाचवायला म्हणून औषध द्यायच्या आधीच सही मारून ठेवणं किंवा न मोजलेलं बीपी लिहिणं, याला टाइम मॅनेजमेंट म्हणत नाहीत.

मावशी-मामांना (वॉर्डातल्या मदतनिसांना) काम सांगायचा संकोच वाटतो, ते वयाने मोठे आहेत आणि मी नवीन.

वाटणारच. पण संकोचापायी सगळं स्वतः करत बसलात तर तुमचं जे काम दुसरं कुणीच करू शकत नाही ते राहून जातं. पेशंटचं असेसमेंट, औषधं, काय बदललंय ते ओळखणं, डिस्चार्जच्या वेळी समजावून सांगणं ही तुमची कामं, ती कुणाला देता येत नाहीत. स्पंज, कूस बदलायला हात लावणं, सॅम्पल पोचवणं, स्थिर पेशंटला चालवणं ही देता येतात, ज्याला ते काम शिकवलंय त्याला.

सांगताना अर्धवट सांगू नका. "मावशी, जरा पाचकडे बघा" म्हणजे काय बघायचं? त्यापेक्षा "मावशी, पाचच्या आजींना माझ्यासोबत डाव्या कुशीवर घेऊ, आणि त्यांच्या युरीन बॅगमध्ये किती आहे ते बारा वाजता मला सांगा, १०० मिलीच्या आत असेल तर लगेच सांगा." आदराने बोला, पण स्पष्ट बोला, आणि बारा वाजता स्वतः विचारा. काम दिलं तरी जबाबदारी तुमचीच असते.

डॉक्टरांना फोन केला की तेच दहा प्रश्न विचारतात, वेळ जातो.

फोनच्या आधी चार्ट हातात घ्या आणि एसबीएआर पद्धतीने बोला. आत्ता काय झालंय, पेशंट कोण आणि कशासाठी अ‍ॅडमिट, मला काय वाटतंय, मला काय हवंय. "सर, तीनचं सॅच्युरेशन तासाभरात ९५ वरून ८८, श्वास २८. न्यूमोनिया, दुसरा दिवस. मला वाढलेलं वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघा." शेवटचं वाक्य बहुतेक जण गिळतात आणि मग समोरचा "बरं, बघत राहा" म्हणतो. तोंडी ऑर्डर मिळाली तर परत वाचून दाखवा. आणि दहा मिनिटांत कुणी आलं नाही तर वरच्या डॉक्टरांना फोन करायचा, त्यात भीड कसली.

नातेवाईक सोडतच नाहीत, काय करायचं?

वेळ सांगा आणि ती पाळा. "नंतर येते" म्हटलं की ते दर पाच मिनिटांनी येणार, त्यांचंही बरोबरच आहे, त्यांना नंतर म्हणजे कधी ते माहीत नसतं. "अकरा वाजता येते" म्हटलं आणि अकराला गेलात की पुढच्या वेळी थांबतात. घरच्या एकाच माणसाला सगळं सांगायचं ठरवून घ्या. मात्र एक गोष्ट कधीही टाळू नका, आई किंवा बायको म्हणाली की "आज हे वेगळे वाटतायत" तर हातातलं ठेवून बघायला जा. ती त्या माणसाला तुमच्यापेक्षा जास्त ओळखते.

कितीही केलं तरी काहीतरी राहतंच. मग मी कमी पडतेय का?

बहुतेक वेळा नाही. नर्सिंगमधल्या संशोधक बिएट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये यावर लिहिलं तेव्हा नर्सेसनीच सांगितलेल्या राहून जाणाऱ्या कामांत पेशंटला चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, समजावून सांगणं, धीर देणं, तोंडाची आणि अंगाची स्वच्छता, इनटेक-आउटपुटची (पोटात किती गेलं, बाहेर किती आलं याची) नोंद अशी कामं होती. नीट बघा, यातल्या एकालाही अलार्म नाही आणि यातलं एकही राहिलं म्हणून त्याच शिफ्टमध्ये कुणी ओरडत नाही. बेडसोअर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम) तिसऱ्या दिवशी दिसतो, तेव्हा तो कुणाच्या ड्युटीत झाला हे कुणालाच सांगता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की काम राहणार असेल तर ते नकळत राहू देऊ नका, ठरवून ठेवा. शिफ्टच्या मध्यावर कागद उघडून बघा, काय होणार नाही ते तेव्हाच ठरवा आणि ते मोठ्याने बोला, इन्चार्जला सांगा, पुढच्या सिस्टरला हँडओव्हरमध्ये सांगा. "दोनच्या बाबांना आज चालवलं नाही, तू संध्याकाळी चालव" हे म्हणायला लाज कसली? लपवलेलं राहिलेलं काम पुढच्या शिफ्टलाही राहतं. अलार्म नसलेल्या कामांना कागदावर वेळ लिहून द्या, नाहीतर ती रोज शेवटी जातील.

पेशंट खूप आणि माणसं कमी, तिथे हे सगळं काय कामाचं?

प्रामाणिक उत्तर द्यायचं तर एका मर्यादेनंतर काहीच कामाचं नाही. २००२ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात सर्जरीच्या पेशंट्समध्ये नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ती भर कुठल्याही घडी घातलेल्या कागदाने निघत नाही. त्यामुळे "तुमचं टाइम मॅनेजमेंट सुधारा" असं कुणी म्हटलं की आधी विचारा, पेशंट किती आणि माणसं किती. लेखी कळवा, तारीख-वेळ-पेशंटसंख्या लिहून, शिफ्ट चालू असतानाच. आणि त्या दिवसापुरतं म्हणाल तर आधी जीव, मग वेळेची औषधं, मग दुखणं, मग कूस आणि पाणी. चादरी सुरकुतलेल्या राहिल्या तर राहू देत.

जेवायला आणि बाथरूमला वेळच मिळत नाही.

मिळत नाही, काढावा लागतो, आणि जोडी लावून काढावा लागतो. दोघींनी एकमेकींचे पेशंट वीस मिनिटं सांभाळायचे, जाण्याआधी कुणावर नजर ठेवायची ते सांगून जायचं. उपाशी राहून काम करणाऱ्या सिस्टरचं कौतुक करायची एक पद्धत पडलीय, ती मला अजिबात पटत नाही.

नाइट ड्युटीत कामं कशी लावायची?

पहाटे तीन ते पाच शरीर सगळ्यात मंद चालतं, म्हणून डोकं लागणारी कामं, डबल चेकची औषधं, चार्टची पडताळणी, उद्याच्या ऑपरेशनची तयारी शक्य तेवढी आधी उरका. त्या दोन तासांत जे करावंच लागेल ते दुसऱ्या कुणालातरी दाखवून करा. रात्री रक्त लावायचं टाळता येत असेल तर टाळतात, लावलंच तर पहिली पंधरा मिनिटं तिथून हलायचं नाही, मग बाकीच्या वॉर्डात कोण बघणार ते पिशवी मागवायच्या आधी ठरवा. आणि पेशंटला झोपू द्या, स्थिर माणसाचं औषध, व्हायटल्स आणि कूस एकाच वेळी झाली तर तो चारदा उठत नाही.

डबल ड्युटी घेऊ का? पैसे मिळतात.

कधीतरी ठीक, सवय नको. २००४ मधल्या एका अभ्यासात साडेबारा तास किंवा जास्त चाललेल्या शिफ्टमध्ये चूक व्हायची शक्यता तिप्पट दिसली. घेतलीच तर निदान घरी जाताना गाडी स्वतः चालवू नका.